शिगेच्या दोन खटके अलीकडे

ओताकारला वरचे सूर ऐकू येत नाहीत आता.
ब्रनोच्या कारखान्यात तीस वर्षं
चाचणीच्या बाकावर इंजिनं किंचाळवली,
त्याची किंमत कानांनी मोजली.
म्हणून मी.
डेअरीत हिशेब लिहिणारी, त्याची सून.
विमानांशी माझा संबंध एवढाच,
की एरंडेलाचे डाग शर्टावरून निघत नाहीत.

शनिवारी, बार्लीच्या खुंटांवर दव असतानाच
आम्ही मैदानात पोचतो.
लाकडी पेटी, मेथनॉलचा डबा, दीड व्होल्टचा सेल,
आणि पंख्याला टिचकी मारायची काठी.
बोटाने मारशील तर बोट देशील, तो म्हणतो,
आणि तर्जनीचं उरलेलं अर्धं नख दाखवतो.

सातव्या टिचकीला फुत्कारलं, उलटं फिरलं, थांबलं.
"नाकापर्यंत प्यायलंय. प्लग काढ."
तार ओली होती. फुंकर मारली, सेल लावला.
माझ्या नणंदेसारखी, द्राहोमीरासारखी,
लगेच लाल झाली.

मग लागलं.
जाड आवाज, ओला, मधला एकेक ठोका गिळणारा,
मागे पांढरा धूर.
त्याने सुई आत घेतली. खटका. अजून एक.
आवाज पातळ झाला, ताणला,
दाण्यांचं माप शिगेवर येतं तसा
चढत चढत आला,
आणि मी हात वर केला: आता!
काय सूर होता.
अन् त्या माणसाने सुई दोन खटके मागे फिरवली.

बिघडवलं कशाला?
तो बोलला नाही. विमान उचलून
नाक आभाळाकडे केलं, तळवा पंखाच्या मुळाशी ठेवला,
हातानेच ऐकत राहिला.
"जमिनीवर पोट भरलेलं वाटतं," मग म्हणाला.
"वर चढताना टाकी मागे राहते, पंखा हलका होतो,
भूक वाढते.
इथे शिगेवर, ते तिथे उपाशी."

मला ते एरंडाचं गुऱ्हाळ वाटलं.

ऑगस्टअखेरीस तो कान तपासायला गेला.
मी आणि शेजारचा वाव्रिनेत्स,
विमान उडवणारा तो, सुईवर मी.
सूर सापडला. मागे कशाला यायचं?
सोडलं.

गेलं. सरळ गेलं, ढगाच्या पोटाखाली,
आणि आवाज तुटायच्या आधी
किंचित वर चढला, गोड झाला.
मग नुसतं आभाळ.
वाव्रिनेत्स खटपट करत होता, ओठ चावत,
आणि ते लांब सूर्यफुलांत उतरलं,
उतरलं म्हणजे पडलं.

दोन तास शोधलं. माना टाकलेली ती काळी फुलं,
गळ्यात परागांची खाज.
सापडलं तेव्हा डोकं करपलेलं,
एरंडेल भाजून तपकिरी झालेलं,
पंखा फिरवला तर आत खरखर.

संध्याकाळच्या बसने तो आला.
स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं,
इंजिन उघडलं, बोटाने चरे मोजले.
"शिगेवर सोडलंस."
"हो."
"गोड लागतं ऐकायला."
"हो."
"मलाही लागायचं," म्हणाला,
आणि चहात तीन चमचे साखर घातली,
डॉक्टरने बंद केलेली.

नवं सिलिंडर, नवा पिस्टन, नवा प्लग.
तीन टाक्या नुसत्या जमिनीवर, ओल्या, धुरकट,
शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या.
आता ऑक्टोबर. थंड हवा दाट असते,
एक खटका आणखी उघडा ठेवायचा,
हे मला कोणी सांगितलं नाही.

इंधनाची नळी चिमटीत धरते. एक श्वास.
आवाज जरासा वर उचलतो, लगेच सोडते,
परत आपल्या जागी येतो.
त्याचा तळवा पंखावर.
"काय म्हणतंय?"

थांबा, मी म्हणते.
अजून गरम व्हायचंय.